आक्काला वाचून दाखवलेला शेवट

हे मी कुणाला बोललेले नाही. नवऱ्याला नाही, पोरीला नाही, माय होती तोवर तिलाही नाही. खोटं कशाला बोलू — स्वतःशीसुद्धा मी हे पुरतं कधी बोलले नाही. विषय मनात आला की उठायचं आणि काहीतरी कामाला लागायचं. डबे पुसायचे, तूर निवडायची. असं करत चाळीसेक वर्षं गेली. आता रिटायर झाले आहे, घरात माणसं दोन. डबे तरी किती वेळा पुसणार?

गोष्ट एका वाक्याची आहे. तुम्ही म्हणाल, एका वाक्यात असं काय मोठं? मीही हेच म्हणत आले.

मंठ्यात मला सगळे बाई म्हणतात. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. पोरांना मी एकच गोष्ट घोटून घोटून शिकवली — जे लिहिलंय तेच वाचायचं, मनाचं घालायचं नाही. कुणी अंदाजानं एखादा शब्द ठोकून दिला की मी त्याला परत पहिल्या ओळीवर न्यायचे. बाई फार कडक आहेत बुवा, असं पालक कौतुकानं म्हणायचे. मी ऐकून घ्यायचे, आणि वर चहाही प्यायचे त्यांच्याकडे.

तर आक्का. माझी थोरली बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमचं माहेर तीर्थपुरीजवळच्या एका खेड्यात. आक्काला दुसरीतच शाळेतून काढलं, कारण माझ्या वेळी मायला दिवस गेले होते आणि घरात हाताखाली कुणीतरी हवं होतं. म्हणजे मला तिनंच वाढवलं म्हणा ना. माझी वेणी तिनं घातली, शाळेत हात धरून तिनं नेलं, आणि बाहेर पारावर बसून राहायची शाळा सुटेपर्यंत. सतराव्या वर्षी तिचं लग्न झालं, टेंभुर्णीला. दाजी पाचेक वर्षं नीट राहिले. मग कंपनीत काम मिळालं म्हणून पुण्याकडं गेले. आधी सणाला यायचे, मग वर्षातल्या एकाच सणाला यायचे, मग नाहीच. तिकडं त्यांनी दुसरं घर मांडलं होतं. हे टेंभुर्णीत सगळ्यांना माहीत होतं, आमच्या गावातही माहीत होतं, आणि बोलत कुणीच नव्हतं. आक्काला मूलबाळ नव्हतं. ती सासूचं करायची, दिराच्या शेतात राबायची आणि कपाळाला कुंकू लावून वाट बघायची. मी ज्या सालाचं सांगतेय, तेव्हा त्याला सहा वर्षं झाली होती.

त्या साली पंचमीला ती माहेरी आली आणि आमच्या वडिलांना, आप्पांना, म्हणाली, मी आता परत जात नाही.

आप्पा वाईट माणूस नव्हते. बघू म्हणाले. आणि खरंच बघत होते — गावात बालवाडी निघणार होती, तिच्यासाठी लेकरं सांभाळणारी बाई पाहिजे होती, आणि सरपंचांनी आप्पांना विचारलंही होतं की थोरली ऱ्हाणार असली तर सांगा. आक्काला लेकरांचं किती वेड! म्हणजे रस्ता होता. तो मी नंतर शोधून काढलेला नाही, तो तेव्हाही समोर दिसत होता. हे आधीच सांगून ठेवते.

मी त्या वेळी जालन्याला बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, श्रावणात सुटी काढून घरी आले होते. आमच्याकडं श्रावणभर पोथी असायची. आप्पांचे डोळे अधू झाल्यापासून वाचायचं काम माझ्याकडं. आप्पांची एक शिस्त होती — अध्यायात कुणी मेलं, कुणाला शाप मिळाला, कुणावर घाला पडला, तर तिथं पोथी मिटायची नाही. घसा बसला तरी पुढं वाचायचं, जरा बरं काही येईपर्यंत. ते आलं की मग दोरी बांधायची. ऐकणाऱ्या बायांनाही ते इतकं अंगवळणी पडलेलं की वाईट ओवीवर मी दम घेतला तरी त्या चुळबुळ करायच्या.

पोथी सकाळी. दुपारी आक्का ओसरीवर वाती वळत बसायची आणि मी कॉलेजच्या लायब्ररीतून आणलेली एक कादंबरी वाचत पडायचे. जुनी, नावाजलेली कादंबरी. नाव सांगत नाही, त्या बिचारीचा काय दोष? एकदा आक्का म्हणाली, मनात काय वाचून राह्यली, मोठ्यानं वाच की. म्हणून वाचायला लागले.

आता बघा. त्या कादंबरीत एक बाई असते. तिचा नवरा निघून गेलेला असतो, आणि ती वाट बघते. वर्षानुवर्षं. पुस्तक निम्म्याहून अधिक ते वाट बघणंच आहे. पहिल्या दिवशीच आक्काच्या हातातली वात थांबली. दुसऱ्या दिवशी ती डोक्यावर पदर घेऊन बसली, पोथीला बसतात तशी. तिसऱ्या दिवशी पुस्तकाखाली पाट आणून ठेवला. मी हसले. म्हटलं, आक्का, ही पोथी न्हाई, कुणीतरी मनानं लिहिलंय हे. तर म्हणाली, मनाचं कुणी छापतं का? इतक्या साध्या आवाजात म्हणाली की मी पान उलटून पुढं वाचायला लागले. तिच्या लेखी छापलेलं म्हणजे खरं. घरात छापलेलं तिनं आजवर पाहिलं होतं ते पोथी, पंचांग आणि माझी शाळेची पुस्तकं — त्यात खोटं काय असणार?

तेरा दुपारी वाचन चाललं. मधेच कधीतरी, मला वाटतं नववा-दहावा दिवस असेल, आक्का वात वळता वळता म्हणाली:

“शेवटाला त्यो येतो का, अन् आल्यावर तिचं बरं होतं का, तेवढं कळू दे मंदे. मंग मी आप्पाला सांगते, जाते का ऱ्हाते.”

आमच्याकडं देवाला कौल लावतात, तसा तिनं त्या पुस्तकाला लावला. आणि पुस्तक कुणाच्या हातात होतं? माझ्या.

शेवट मला माहीत होता. ती कादंबरी मी हॉस्टेलवर आधी एकदा वाचली होती, शेवटच्या ओळीला रडलेही होते. तो येतो. इतक्या वर्षांनी येतो. ती दार उघडते. आणि शेवटचं वाक्य असं आहे — शब्दाला शब्द आठवत असेलच असं नाही, पण भाव हाच —

दारात उभ्या असलेल्या त्या माणसाकडे ती पाहत राहिली, आणि आपण आयुष्य कुणासाठी राखून ठेवले होते, हे तिला काही केल्या आठवेना.

बस. पुस्तक संपलं. पुढं कोरं पान.

आता जे सांगायचं ते इथंच आहे, आणि मी उगाच आप्पांच्या पोथीभोवती फिरून राहिले. कारण ते बरं वाटतं सांगायला — वाईटावर पोथी मिटत नाहीत, सवयच तशी, बहिणीला दुःख कशाला द्यायचं म्हणून शब्द बदलला. कुणालाही पटेल. तुम्हालाही पटलं असतं. पण तसं नाही ते.

त्याच आठवड्यात रविवारी माझी सुपारी फुटायची होती. स्थळ मंठ्याचं. मुलगा मास्तर, घर पक्कं, घरात नळ, सासू शिकू देणारी. मुलाला मी एकदा पाहिलं होतं आणि — काय सांगू — मला तो आवडला होता. मधे पडलेले गृहस्थ आप्पांचे लांबचे भाऊ. ते घरी येऊन गेले आणि जाताना ओट्यावर पायात चप्पल घालत सहज विचारल्यासारखं विचारलं की थोरली किती दिवसांसाठी आलीय? माय म्हणाली, पंचमीची आलीय, जाईल आता. ते म्हणाले, हां, मंठ्याची मंडळी जरा जुन्या वळणाची आहेत. एवढंच. चप्पल घातली आणि गेले.

मायनं मला काही सांगितलं नाही. आप्पांनी नाही. कुणी डोळ्यांनीसुद्धा खुणावलं नाही. नवऱ्याला सोडून आलेली बहीण घरात असली तर माझं लग्न मोडेल, हा हिशेब मी एकटीनं केला. तेराव्या दुपारपर्यंत तो पक्का झाला होता.

त्या दुपारी आक्कानं शिरा केला होता. समाप्ती म्हणून. माय हसत होती, पण तीही येऊन बसली. पुस्तकाला हळदकुंकू लावलं आक्कानं. मी शेवटचं प्रकरण वाचलं, छान वाचलं, तो वेशीतून येतो, गल्लीतून येतो, दार वाजतं. आक्का हात जोडून बसलेली. मी पान उलटलं. दारात उभ्या असलेल्या त्या माणसाकडे ती पाहत राहिली — इथपर्यंत जे लिहिलं होतं तेच वाचलं. आणि पुढं, न अडखळता, एका दमात —

आणि इतक्या वर्षांची वाट पाहणे सार्थकी लागले, असे तिला वाटले.

आवाजही कापला नाही माझा. पुस्तक मिटलं.

वाक्य किती भिकार होतं ते मला आज कळतं. कुठला लेखक असं लिहील? पुढं पोरांच्या निबंधात असं वाक्य आलं की मी लाल रेघ मारायचे. पण आक्कानं डोळे पुसले, पुस्तक हातात घेतलं, कपाळाला लावलं. क्षणभर तिनं ते शेवटचं पान उघडून धरलं. दुसरीपर्यंत शिकलेली होती ती, एस्टीच्या पाट्या जुळवून जुळवून वाचायची. बोट ठेवून वाचलं असतं तर सापडले असते मी. तिनं पानावरून नुसता हात फिरवला आणि पुस्तक मला परत दिलं. म्हणाली, मंग बराबर हाय. आणि वाट्यांमध्ये शिरा वाढायला लागली.

तो शिरा मी खाल्ला. चांगला झाला होता.

शुक्रवारी आक्का टेंभुर्णीला गेली. आप्पा म्हणाले, घाई न्हाई, विचार कर. ती म्हणाली, केला. रविवारी माझी सुपारी फुटली. उन्हाळ्यात लग्न झालं, आणि माझ्या अंगाला हळद आक्कानंच लावली, कारण नवरा जिवंत असलेली थोरली बहीण — तिचाच मान पहिला. बालवाडी त्याच वर्षी निघाली. ती जागा गल्लीतल्या दुसऱ्या एकीला मिळाली. तिच्या हाताखालून निम्मं गाव गेलं, आजही रस्त्यानं चालली की मोठमोठे बाप्ये थांबून पाया पडतात.

माझा संसार नीट झाला. हे सांगायला हवं. नवरा चांगला निघाला, सासूनं शिकू दिलं, नोकरी लागली, मुलगी झाली. ज्याच्यासाठी ते वाक्य वाचलं ते सगळं मला मिळालं.

आक्का आणखी चौदा वर्षं वाट बघत राहिली. मधे सासू गेली. मी वर्षातून एकदा-दोनदा जायचे, लुगडं न्यायचे. तिनं कधी तक्रार केली नाही. कुणी बाई म्हणाली, कशाला त्याच्या नावानं बसलीस, तर सांगायची, माझ्या बहिणीनं वाचून दाखवलंय मला, शेवट काय होतो ते. हे मला तिच्या जावेनं सांगितलं, हसत हसत. मीही हसले.

आणि दाजी आले. उजवी बाजू लुळी पडलेली, तोंड वाकडं झालेलं. तिकडच्या बाईच्या घरी कुणी ठेवून घेईना, म्हणून दोघा माणसांनी जीपमधून आणून दारात सोडलं. आक्कानं शेजारच्या फोनवरून मला कळवलं. आवाज लहान मुलीसारखा झाला होता तिचा. म्हणाली, “आले गं. पुस्तकातल्यावानी.”

मी आठ दिवसांनी गेले. दाजी अंगणात बाजेवर होते. आक्का त्यांना कालवलेला भात चमच्यानं भरवत होती, मधे मधे हनुवटी पुसत होती. मला बघून ते रडायला लागले, कशासाठी ते त्यांचं त्यांनाच माहीत. दुपारी आम्ही दोघी मागच्या दारी भांडी घासायला बसलो. ती घासत होती, मी विसळत होते. ती खाली मान घालून म्हणाली:

“मंदे, एक इचारू? ते आले तव्हा मी दारात उभी ऱ्हाऊन बघत ऱ्हायले. म्हन्लं आता वाटंल, आता वाटंल. काईच वाटंना गं. त्या बाईला वाटलं होतं ना, सार्थक झालं म्हून? मंग मला का न्हाई वाटलं? माझ्यातच काई कमी असंल, न्हाई का?”

कळलं ना तुम्हाला?

मी इतकी वर्षं समजत होते की मी तिची पाठवणी केली, हा माझा गुन्हा. तो तर होताच. पण जी गोष्ट तिच्या बाबतीत घडली ती अक्षर न् अक्षर त्या शेवटच्या ओळीत छापलेली होती. त्या बाईलाही काही वाटलं नव्हतं. कुणीतरी, कुठंतरी, आक्काला कधी न पाहता, तिच्या मनातलं लिहून ठेवलं होतं — आणि ते तिच्यापर्यंत पोचायच्या आत मी मधेच गिळलं. ते तिला कळलं असतं तर निदान आपण एकटी नाही, आपल्यात काही खोट नाही, एवढं तरी तिला समजलं असतं. आणि ते सांगायला उशीर झाला नव्हता. ती समोर बसली होती. राखेनं हात भरलेले. फक्त एक वाक्य बोलायचं होतं, आणि मी वाक्यांचीच नोकरी करत होते.

मी म्हणाले, “वाटंल हळूहळू.”

आणि ताटं टोपलीत पालथी घातली.

पहिल्या वेळी मला लग्न करायचं होतं. या वेळी काय होतं? काहीच अडलं नव्हतं माझं. नुसती भीती — ती माझ्याकडं बघेल त्याची.

नऊ वर्षं तिनं त्यांचं केलं. हगणं-मुतणं सगळं. मी गेले की कधी स्वतःहून सांगायची, अजून न्हाई गं वाटत. शाळेत उत्तर न येणाऱ्या पोरीसारखी ओशाळून सांगायची. मी विषय बदलायचे. दाजी गेले तेव्हा बायका तिला मयताजवळ घेऊन आल्या. तिनं त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि काहीतरी पुटपुटली. सगळ्यांना वाटलं, शोक करतेय. मी अगदी शेजारी होते, मला ऐकू आलं. ती माफी मागत होती. मला सार्थक वाटलं न्हाई, माफ करा, म्हणत होती. त्या माणसाची.

मी तिला धरून उठवलं. चांगलं धरलं, बायका म्हणाल्या, बहीण असावी तर अशी.

आता शेवटचं, आणि हे फार जुनं नाही. माझ्या मुलीचं लग्न झालं होतं संभाजीनगरला. सहाव्या महिन्यात तिचा सकाळी फोन आला की आई, मला इथं राहवत नाही. मी कारणसुद्धा विचारलं नाही. म्हटलं, बॅग भर, आम्ही निघालो. दोन तासांत आम्ही गाडी करून तिच्या दारात होतो, आणि संध्याकाळच्या आत ती मंठ्यात. नवरा वाटेत एकदाच म्हणाला की लोक काय म्हणतील, जरा विचार करू. मी त्याला असं काही गप्प केलं की तो परत बोलला नाही. घटस्फोट झाला, पोरगी आता बाहेरगावी नोकरी करते, मजेत आहे. बिलकुल पस्तावा नाही मला.

त्याच आठवड्यात आक्का तिला भेटायला आली. आता सत्तरीकडं झुकली आहे ती, पण एस्टीनं एकटी येते-जाते. पोरीला जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते. आक्काचा आवाज आला. टोमणा नव्हता, कौतुकच होतं, माझंच:

“तुझी आई म्हून जल्दी आली तुला आणायला. माझ्या टायमाला असं माणूस पाहिजे होतं एखादं.”

मी ऐकलं. गाळणी धुतली. चहा नेऊन दिला. आक्काला साखर जास्त लागते, ती घातली होती.

ती टेंभुर्णीलाच असते. रविवारी माझा फोन असतो तिला. कान चांगले आहेत, समज चांगली आहे. आज सांगितलं तरी सगळं कळेल तिला. माझ्या मंदीनं मला कधी खोटं सांगितलं न्हाई, असं ती अजून चारचौघांत म्हणते. ते ऐकायला मला आवडतं. म्हणून मी तिला सांगत नाही.